थांबा म्हणायची नोकरी

तीर्थस्वरूप आत्या,

लांबूनच वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? (तुझे. माझे अजून गप्प आहेत.)

ऑपरेशनच्या खोलीत सर्जन असताना कान तपासणाऱ्या बाईचं काय काम, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. तर मी कोपऱ्यात लॅपटॉपपुढे बसते. भूल दिलेल्या पेशंटच्या कानात बारीक नळीतून आवाज सोडते, आणि आतला कान जे उत्तर देतो त्याची लाट पडद्यावर दिसते. (माणूस गाढ झोपलेला, कान मात्र हुंकार देतोय!) सर्जन आतल्या कानाच्या शंखात ऐकू येण्याच्या यंत्राची केसाएवढी तार सरकवतात. लाट खचली, म्हणजे तारेने उरलासुरला कान दुखावतोय, की मी 'थांबा' म्हणायचं. इतकं शिकून शब्द एकच.

गेल्या महिन्यात पेशंट होते एक निवृत्त बसचालक. बारीक आवाज कधीच गेलेले, जाडेभरडे तेवढे उरलेले. म्हणाले, "बाई, माणसांचं बोलणं यंत्राने ऐकवा, पण इंजिनाची घरघर माझी मला राहू द्या."

तार अर्धी आत गेली आणि लाट एकदम सपाट. मी किंचाळले, "थांबा!" सगळे थिजले. पाहते तर कानातली नळीच निसटलेली! ती बसवली, लाट पुन्हा डौलात उभी. आमचे सर्जन एरवी तापट, पण तेव्हा नुसते घड्याळाकडे बघून पुन्हा कामाला लागले. (ते जास्त लागतं.)

दोन मिनिटांत लाट पुन्हा खचू लागली. नळी जागच्या जागी होती. बोलावं तर परत शोभा. पण गप्प राहिले तर लाज माझी वाचणार आणि कान दुसऱ्याचा जाणार.

"थांबा."

"परत नळी?"

"नाही सर. कान."

त्यांनी तार जराशी मागे घेतली आणि वाट पाहिली. लाट हळूहळू वर आली. पूर्ण नाही, पण आली.

काल चालककाका तपासणीला आले होते, यंत्र अजून सुरू व्हायचं होतं. खिडकीखालून ट्रक गेला, तसे डोळे मिटून म्हणाले, "चढावर तिसरा गिअर! गाढव आहे." दारातले सर्जन हसले, आणि जाता जाता मला म्हणाले, "नळी मात्र आधी बघत जा."

तुझी भाची

ता. क. रविवारी फोनवर मी "पाय मुरगळला" म्हणाले, तर तू "वा, अभिनंदन!" म्हणालीस. म्हणून हे पत्र. मंगळवारी अकराची वेळ तुझ्या नावावर ठेवली आहे. 'मला नीट ऐकू येतं' असं उलट टपाली कळवू नकोस. ये.

आणखी ता. क. ओरडून गुपितं सांगता येत नाहीत गं. बरीच साठली आहेत.