लेबलावरचं नाव

किंग्स्टन, ४ मार्च १९७६

चि. लॅसेल्स यास अ. आ. वि. वि.

पार्सल पोचलं. या उकाड्यात आईला लोकरीचा स्वेटर! ती तो मांडीवर घेऊन नीरफणस भाजत बसते, शेजारणींना दिसावा म्हणून.

आपल्या धाकट्या एव्हरल्डनं नवं रेगे गाणं केलंय. इथले दोन्ही राजकीय पक्ष पोरांच्या हाती बंदुका देतात आणि मग त्यांच्याच मयताला टोप्या काढून उभे राहतात, असं सरळ म्हटलंय. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड परत केली. गल्लीत मात्र चार वेळा वाजली, बायका रडल्या. लेबल कोरंच ठेवलंय. आवाज कोणाचा, हे वस्तीतला पक्षाचा पुढारी विचारत फिरतोय. गल्ली तोंड शिवून आहे. एक रेकॉर्ड तुला पाठवतेय. ऐक, पण नाव फोडू नकोस.

आईचे आणि माझे आशीर्वाद आहेतच.
आयसिल्डा


बर्मिंगहॅम, २० जून १९७६

ती. आयसिल्डाताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. त्या गाण्याच्या रेकॉर्डी इथे काढून घेतल्या. कारखान्यातली आपली माणसं रांगा लावून नेतात. परवा नाचघरात गोरे पोलीस घुसले, तेव्हा सगळ्यांनी मिळून तेच म्हटलं. या देशात पहिल्यांदाच मला भीती वाटली नाही.

लेबलावर एव्हरल्डचं नाव ठसठशीत घातलंय. किती दिवस चोरासारखं गायचं त्यानं? तू आपली जन्माची भित्री!

माया कमी करू नकोस.
तुझा लॅसेल्स


किंग्स्टन, ११ सप्टेंबर १९७६

लॅसेल्स,

तुझी रेकॉर्ड कुणीतरी सुट्टीवर येताना इथे आणली. गेल्या महिन्यात पुढाऱ्याची तीन माणसं दारात आली. लेबल मलाच वाचायला लावलं. मी वाचलं. वाचता येत नाही म्हणायचं सुचलंच नाही.

एव्हरल्ड मागच्या दारानं निसटू शकला असता. पुढे येऊन म्हणाला, माझंच आहे. त्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा जबडा फोडला, जीभ कापली. डॉक्टर म्हणतात, पेज गिळेल. बोलणं नाही.

काल पुढाऱ्याची सभा झाली. तेच गाणं वाजवलं, शब्द बदलून. आता सगळं पाप दुसऱ्या पक्षाचं. एव्हरल्डला खुर्चीसकट मंचावर नेलं आणि शत्रूनं याची ही दशा केली, असं सांगितलं. दोघांनी त्याचे हात वर धरले. लोक नाचले. कोण नाचत नाही, हे त्यांची माणसं बघत होती. मी नाचले. आईही नाचली.

रात्रभर तो भिंतीकडे तोंड करून होता. सकाळी पाटीवर लिहून विचारलं, तिकडे खरे शब्द अजून वाजतात का?

वाजत नसले तरी हो असंच कळव.

लोभ ठेव असं लिहायला या खेपेला हात उचलत नाही.
आयसिल्डा