बारा, दोन, चार, सहा

सोमवार, ३

आले बाई एकदाची. पाचवा मजला, चालू लिफ्ट आणि मला स्वतंत्र खोली! वर्षभर दवाखान्यात नाइट करून डोळ्यांखाली काळं झालंय. इथे पलंग दिसला तशी आधी त्यावर आडवी झाले. खोलीच्या दाराला कडी नाही. काकांची हाक ऐकू यावी म्हणून काढून टाकली, असं त्यांची मुलगी म्हणाली. असू दे, मला कोण पळवून नेतंय.

काकांना कंपवात आहे. जन्मभर कारखान्यात टाइमकीपर होते, कामगारांची हजेरी लिहायचे. दोन महिन्यांपूर्वी मेंदूत दोन तारा बसवल्या आणि छातीत कातडीखाली बॅटरी. डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात त्याला, मी तीनदा विचारून घेतलं. त्या विजेने दिवसा हात थरथरत नाहीत. झोप मात्र तुटायची, म्हणून रात्रीचा वेगळा प्रोग्राम लावलाय. दहाला रिमोटवर चंद्राचं बटण दाबायचं, सकाळी सूर्याचं. माझं काम म्हणजे बारा, दोन, चार, सहाला उठून काका झोपलेत का ते बघायचं. झोपले असतील तर तक्त्यात बरोबरची खूण, नसतील तर फुली. मशीनवाला दर सोमवारी तक्ता बघून करंट कमीजास्त करतो. आधीची बाई सारख्या फुल्या मारायची, म्हणून मुलीने तिला काढलं.

काकांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

बुधवार, ५

काका ओंडक्यासारखे झोपतात. कूस बदलणं नाही, घोरणं नाही. मग चारचारदा उठून मी काय दिवे लावू? सहाला उठते आणि चारही खुणा एकदम करून टाकते. या कामातल्या सगळ्याजणी असंच करतात. काकांच्या मनगटाला हालचाल मोजणारा पट्टा आहे, त्यातही रात्रभर शून्य, म्हणजे झोप. मुलीला ते मोबाइलवर दिसतं. ती खूश, मी खूश. काकाच तेवढे एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलेले असतात.

सोमवार, १०

मशीनवाला आला. काकांनी त्याला सांगितलं की आठवडाभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. मुलीने कपाळावर हात मारला. मशीनवाल्याने पट्टा पाहिला, माझा तक्ता पाहिला आणि हसून म्हणाला की रात्रभर झोपून असं सांगणारे पुष्कळ भेटतात. चांगला गुण येतोय म्हणून करंट थोडा वाढवून गेला.

मग काकांनी तक्ता मागितला. एकेका खुणेवर बोट फिरवत बराच वेळ बसले. मी जेवायला उठून गेले.

शुक्रवार, १४

सकाळी काकांच्या डोळ्यांच्या कडेपासून कानांपर्यंत पांढरे ओघळ सुकलेले होते. ओल्या फडक्याने पुसून काढले.

खोटं कशाला लिहू, मला तेव्हाच कळलं. कळूनही चार खुणा केल्या. फुल्या मारल्या तर माझाही पत्ता कट आणि पुन्हा तीच नाइट. मला झोप हवी आहे. वर्षभराने पाठ टेकायला मिळतेय, ती मी सोडणार नाही.

सोमवार, १७

मुलगी कामावर गेल्यावर काका माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. आवाज बारीक, पण शब्द अन् शब्द स्पष्ट.

"बाराला तू घोरत होतीस. दोनला, चारलाही. त्या बटणाने मला झोप लागत नाही. बोट हलत नाही, पापणी उघडत नाही, एवढंच. मी आत जागाच असतो."

आज मशीनवाल्याला खरं सांगते म्हणून शब्द दिला.

संध्याकाळी तो आला. मुलगी शेजारीच उभी होती, तक्त्याचं कौतुक करत. माझं तोंड उघडलंच नाही. करंट आणखी वाढला. काका तेवढा वेळ फक्त माझ्याकडे बघत होते. खोट्या हजेरीपायी त्यांनी किती जणांना घरी बसवलं असेल, कोण जाणे.

गुरुवार, २०

काल रात्री दोनला खरोखर उठले. टॉर्च घेऊन गेले. त्यांची पापणी बोटाने वर केली.

बुबुळ वळलं. माझ्याकडे.

मी सूर्याचं बटण दाबलं. म्हटलं, उरलेली रात्र तरी त्यांना — पण ते झोपले नाहीत. ताठ उठून बसले. हात पुढे केला. मी रिमोट दिला. का दिला? अक्कल गहाण टाकली होती का मी —

शुक्रवार, २१

मुलगी दोन दिवस बाहेरगावी. बाहेरच्या दाराला कुलूप, किल्ली काकांच्या खिशात, रिमोटही. दार बडवलं. मजल्यावर कोणी नाही.

चंद्राचं बटण त्यांनी दाबलं नाही. पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्या पलंगाशी खुर्ची टाकून बसले. मांडीवर कोरा तक्ता. वर माझं नाव.

"तू झोप," म्हणाले. "खुणा मी करतो."

रात्रभर टक्क जागी. चार फुल्या.

शनिवार, २२

मुलीला फोन लागला. सगळं सांगितलं. तिने मोबाइलवर बघितलं. म्हणाली, बाबा गाढ झोपलेत, रात्रभर हालचाल नाही, उगाच काहीतरी — ठेवला. मग काकांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. अलगद.

कडी असती तर —

लिहीत राहिले की डोळे मिटत नाहीत. लिहितेय.

बारा. फुली.

माफी मागितली. दहादा. ऐकून घेतात. नुसते ऐकून घेतात —

दोन. फुली. उघडे आहेत माझे डोळे, उघडे

चार. मान कलंडली असावी. क्षणभरच. तक्त्यात बरोबरची खूण. पहिलीच. म्हणजे मी झोपले हो —

खुर्चीत नाहीत. इथे, उशाशी. माझी उशी त्यांच्या हातात. दोन्ही हातांत. जरासुद्धा थरथर