टीव्हीमागचं बटण

हितेन,

तुझा फोन लागत नाही, म्हणून फ्रिजवर लिहून ठेवतेय. आई घरात नाहीत. मी ऑफिसातून आले तेव्हा दार सताड उघडं होतं. शेजारची बेट्टी आंटी हिंदमाता चौकाकडे बघायला गेलीय, मी स्टेशनच्या बाजूला जातेय. तू मात्र घरातच थांब. त्या आपणहून आल्या तर दारात कोणीतरी हवं.

कॅमेरे तपासत बसू नकोस, ते बिघडलेले नाहीत. नेटच्या वायरीतूनच त्यांना वीज मिळते, वेगवेगळे प्लग नकोत, टीव्हीमागच्या एका बटणावर तिन्ही चालतात, हे तूच सगळ्यांना कौतुकाने सांगायचास ना? ते बटण आईंनी बंद केलं. मी पुन्हा चालू करून मागचं रेकॉर्डिंग बघितलं. त्या पदर नीट करतात, पंखा बंद करतात, देवघरातला दिवा बंद करतात, मग टीव्हीमागे हात घालतात. पुढे सगळं काळं. जिन्यावरचा कॅमेराही त्याच बटणावर, त्यामुळे कुठल्या बाजूला वळल्या ते कळायला मार्ग नाही.

दिवसभराची बाई ठेवूया म्हणत होते मी. जाऊ दे आता.

तुझं नाव विसरल्या, माझं विसरल्या, पण घराबाहेर पडताना बटणं बंद करायचं नाही विसरल्या.

घरातले सगळे दिवे लावून ठेव. गॅलरीतलासुद्धा. निदान ओरडायला तरी येतील.

वृषाली