अबूलीच्या नावाने आलेला निरोप

गुलू (युगांडा), ४ मार्च

ती. अबूलीताईस,
अरालीचा सा. न. वि. वि.

परवा तुझ्या नंबरावरून व्हॉट्सअॅपवर निरोप आला, की तू दवाखान्यात आहेस, ऑपरेशन आहे, ताबडतोब पैसे पाठव. जीव वरखाली झाला. पण सुरुवात होती ‘प्रिय सिल्वेस्टर’ अशी. तू मला मायेच्या नावाने अरालीच म्हणतेस. माझं बाप्तिस्म्याचं नाव तू आयुष्यात एकदाच घेतलंस, मी तुझी गाभण बकरी हरवली तेव्हा, आणि त्यात ‘प्रिय’ नव्हतं! पैसे न पाठवता फोन लावला, तर बंद. अजूनही बंदच. म्हणून हे पत्र फोर्ट पोर्टलच्या बसच्या कंडक्टरजवळ देतोय. बरी आहेस ना? दोन ओळी त्याच्याच हाती पाठव, नाहीतर शाळेतलं शिकवणं सोडून यावं लागेल.

तुझा काळजीत पडलेला भाऊ,
अराली

फोर्ट पोर्टल, ९ मार्च

चि. अराली यास,
अनेक आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. ऑपरेशन झालं ते माझ्या अब्रूचं.

चर्चच्या गायकवृंदातून बोलतोय म्हणत एका पोराचा फोन आला. सराव आता फोनवरून होणार, तुम्हाला आत घ्यायला एक आकडा येईल, तेवढा वाचून दाखवा म्हणाला. गायकवृंदात सगळे मायेने म्हणतात तसं अबूली अबूली करत होता. मी चष्मा शोधून आकडा वाचला. झालं! माझं व्हॉट्सअॅप मलाच बंद, आणि तिकडे माझ्या नावाने गायकवृंदातल्या सगळ्या बायकांपुढे हात पसरलेला. तिघींनी पैसे पाठवले. काबाहेंडाने तर कोंबड्या विकल्या. आता रविवारी माझ्या बाकावर कुणी बसत नाही. म्हातारीच सामील नसेल कशावरून, असं मागून ऐकू येतं. फोन तर बायका जाब विचारू लागल्या त्याच दिवशी बंद करून कपाटात टाकला.

एक सांगते, कुणाला बोलू नकोस. आकडा मागण्याआधी तो बराच वेळ बोलला. गुडघे कसे आहेत, केळीचे घड एकटीने कसे उतरवता, यजमान गेल्यापासून घर खायला उठत असेल ना. सरावाच्या माणसाला माझ्या गुडघ्यांशी काय करायचंय, अशी शंका मला मधेच आली होती. पण विचारलं असतं तर त्याने फोन ठेवला असता.

मुलांना पापे.

तुझी ताई

गुलू, १४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

‘विचारलं असतं तर त्याने फोन ठेवला असता’ ही तुझी ओळ वाचून वर्गात जाववेना. ख्रिसमसनंतर मी तुला फोन केला नव्हता, हे तो खोटा निरोप येईपर्यंत माझ्या लक्षातही नव्हतं.

आता ऐक. फोन चालू कर आणि व्हॉट्सअॅप आपल्या नंबरावर पुन्हा सुरू कर. नवा आकडा येईल, तो तूच भर, म्हणजे चोर बाहेर पडेल. तो आकडा म्हणजे घराची किल्ली. बिशप आले तरी वाचून दाखवायचा नाही. मग वरून आपला एक पिन लाव. त्याने लिंक पाठवली असेल तर दाबू नकोस, काही ॲप टाकायला लावलं असेल तर काढून टाक. पोलिसांत नोंद कर. यापुढे माझ्या आवाजात जरी कुणी पैसे मागितले, तरी फोन ठेवून माझ्या नेहमीच्या नंबरावर उलटा लाव. आणि बायकांना स्वतः तोंडाने सांग. लपलीस तर त्यांचा संशय पक्का होईल.

माया असू दे.

तुझा, अराली

फोर्ट पोर्टल, २७ मार्च

चि. अराली यास,
आशीर्वाद.

सगळं तू सांगितलंस तसं केलं. चोर बाहेर गेला.

रविवारी प्रार्थना संपल्यावर उभी राहिले आणि झालं ते सांगितलं. काबाहेंडाने सगळ्यांसमोर विचारलं, की जन्मभर नर्सची नोकरी केलेली बाई अशी फसतेच कशी. मनात दुसरंच उत्तर तयार होतं. पण तोंडून खरं तेच गेलं, की तो माझ्याशी बोलत होता. कुणी हसलं नाही. काबाहेंडा उठून गेली. ती अजून बोलत नाही, आणि तिचा राग मला कळतो. पण गायकवृंदातली न्यामाहुंगे बाहेर थांबली होती. तिलाही असंच एकाने फसवलंय, घरात कुणाला सांगितलेलं नाही म्हणाली. आम्ही दोघी पोलिसांत जाऊन आलो. साहेबांनी लिहून घेतलं, पैसे मिळतील असं काही म्हणाले नाहीत.

मंगळवारी एकाचा फोन आला. तुमच्या मैत्रिणींचे बुडालेले पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी भरा म्हणे. तोच आवाज रे, नाव तेवढं नवीन. शिव्या द्यायच्या होत्या, पण शब्द न काढता फोन ठेवला आणि त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. मग घर इतकं गप्प झालं, की मी तुला फोन लावला. वाजून वाजून थांबला. तू वर्गात असशील. रागावले नाही.

हे पत्र पोचलं की फोन कर. काम काही नाही. नुसताच कर.

तुझी वाट बघणारी,
ताई