गरम पाण्याची पिशवी

ताई,

काल खारीची चार पिल्लं आली. झाड तोडताना ढोली फुटली, आई सापडली नाही. दर तीन तासांनी पाजायचं म्हणजे एकटीचे हात पुरत नाहीत, म्हणून तुला फोन केला. तू म्हणालीस, "नको गं बाई, माझ्या हाताला यश नाही."

तेव्हापासून ती रानसशाची तीन पिल्लं डोक्यातून जात नाहीत. माझ्याकडे आजवर पुष्कळ दगावली, सगळ्यांची नोंद वहीत आहे. या तिघांपुढे लिहिलंय, 'ताईने गार असताना दूध पाजलं.' गार पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब, मग बाटली, हे मीच तुला पढवलं होतं. पण त्या दुपारी तू विचारलंस, "खोक्यातली पिशवी भरलीस ना?" आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "हो, हो, तू पाज!" पाणी तापलं होतं. पिशवीत ओतायचं राहिलं होतं.

संध्याकाळपर्यंत तिन्ही गेली. तू रडत होतीस आणि मी तुझ्यावरच तोंडसुख घेतलं, "हात लावून बघता येत नाही?" मग तू आत यायच्या आधी पातेलं मोरीत रिकामं केलं.

आज वहीतली ती ओळ खोडून खरं काय ते लिहिलं. हे पत्र त्याच पानात ठेवतेय. टपालात टाकायची माझी छाती होत नाही.

तुझ्या हाताला यश होतं, ताई. माझ्यापुढे दोन दिवस तोंड मिटून बसलेली ती पिल्लं तुझ्याच हातून प्यायला लागली होती.

तुझी,
अजून तशीच भित्री धाकटी