डावीकडे वळलेली गाठ

आण्णा,

इकडे हंगाम तोंडावर आलाय. हंगाम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लग्नसराई येईल, कारण आपल्याकडे चपला तेव्हाच खपायच्या आणि तेव्हाच तुम्ही माझ्याशी जरा गोडीनं बोलायचा. इथला हंगाम पाखरांचा. उन्हाळाभर ससाणे एसीच्या खोल्यांत बसून जुनी पिसं टाकतात आणि नवी धरतात; आम्ही बाहेर घाम पुसत असतो. सप्टेंबर लागला की त्यांच्या मालकांना चैन पडत नाही. थंडीत तंबू घेऊन वाळवंटात जायचं, ससाणा सोडायचा आणि त्यानं हुबारा नावाचा, आपल्या माळढोकाच्या जातीचा पक्षी धरायचा, हा ह्या अरब लोकांचा वाडवडिलांपासूनचा शौक. कुणी इथल्याच राखीव रानात जातं, कुणी गाड्या भरून दुसऱ्या देशात. पण त्याची तयारी होते ती आमच्या अल क्वोज वस्तीतल्या गाळ्यात. पाखराच्या पायातल्या वाद्या, माणसाच्या मनगटावरचा जाड पट्टा आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे पाखराच्या डोळ्यांवरची चामड्याची टोपी. तिला इथे बुरखाच म्हणतात. तो घातला की ससाणा शांत बसतो, काढला की शिकारीला तयार. गेली बावीस वर्षं मी हे बुरखे शिवतोय. पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "पायातनं डोस्क्यावर गेलास की रं," आणि बराच वेळ हसत राहिला होता.

आज रविवार आहे, सुट्टी. तरी मी एकटाच गाळ्यात येऊन बसलोय. मेजावर चाळीस बुरखे ओळीनं मांडलेत, उद्या सकाळी ते खोक्यात जातील. कातडं कांगारूचं असतं, पातळ आणि चिवट. तुम्ही त्याला एकदा हात लावला असता तर म्हशीच्या कातड्याचं नाव काढलं नसतं. ते भिजवून लाकडी साच्यावर बसवायचं, आणि शिवताना टाका चामड्याच्या अर्ध्या जाडीतूनच न्यायचा. आतल्या अंगाला काही दिसता कामा नये, कारण आत डोळा असतो. दोऱ्याची गाठ दोन पदरांच्या मधे दाबून टाकायची, जशी तुम्ही चपलेच्या तळात दाबायचा. कातडं सोलायला अजून तुम्ही दिलेलीच रापी वापरतो. मी डावखुरा, म्हणून चुलत्यांनी सांगून टाकलं होतं की ह्या पोराच्या हाती रापी देऊ नका, बोट तोडून घेईल. चौथ्या दिवशी तुम्ही लोहाराकडून उलट्या अंगाला धार लावलेली रापी आणलीत आणि माझ्यापुढे टाकलीत. "धर. आता कारन सांगू नगंस." माझी गाठ मात्र तुमच्या उलट वळायची. तुमची उजवीकडे, माझी डावीकडे. दोन जोड शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा, हे तुम्ही न बघता नुसता अंगठा फिरवून सांगायचा.

आणि तो तुमचा नेम. तयार झालेला प्रत्येक जोड स्वतः घालून हौदापर्यंत जायचं आणि परत यायचं. बायकांच्या जोडात नुसती बोटं घुसायची, टाच बाहेर लोंबत राहायची, तरी तुम्ही तसेच लंगडत हौद गाठायचा आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. "पायाला इचारल्याबिगर जोड द्याचा न्हाई." मी एकदा न विचारता दिला होता. तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तो परत आणलात आणि मला दिवसभर शाळेत घालायला लावलात. संध्याकाळी अंगठ्याला आलेला फोड बघून तुम्ही हळद लावलीत, पण सॉरी वगैरे काही म्हणाला नाहीत. मला त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. आता कुणी तसं रागवायला असतं तर बरं झालं असतं.

कारण आण्णा, साखर मलाही लागलीय. तुमचीच देणगी, दुसरं काय. आधी पायांची जाणीव गेली. त्याचं मला फारसं वाटलं नाही, माझं काम बसून असतं. मागच्या वर्षी हाताच्या बोटांचीही जायला लागली. एकदा शिवताना कातड्यावर लाल ठिपका दिसला, आणि मग माझ्या ध्यानात आलं की सुई बोटात गेलीय. दवाखान्यातल्या डॉक्टरनं डोळे मिटायला सांगून बोटांना दोरा टेकवला आणि विचारलं, कुठे लागतंय सांगा. मी अंदाजानं सांगत गेलो. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला की गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते सांभाळा. मी गाळ्यात कुणाला बोललो नाही. बुरखे शिवणाऱ्याच्या बोटांना कळत नाही म्हटल्यावर त्याला कोण ठेवेल? घरी मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चाललंय. मला दुसरं काही येत नाही, आणि गावाकडचं तुमचं दुकान मीच विकून टाकलंय.

मला तुमचा पाय आठवतो. तेरा वर्षांपूर्वी मी चाळीस दिवसांच्या सुट्टीवर आलो होतो. लग्नसराई होती, तुमची कामं साठली होती, म्हणून मीही तुमच्याबरोबर जोड शिवायला बसायचो. एक दिवस शाळेतले मास्तर जोड घेऊन परत आले, अंगठ्याजवळ कातडं सोललेलं. दुकानात चार माणसं होती. तुम्ही तो जोड घातलात, हौदापर्यंत जाऊन आलात, आणि गोंधळून म्हणालात, "मला तर काय लागंना, मास्तर." मी पाय घातला. पहिल्याच पावलाला गाठ टोचली. तुम्ही तीन वर्षं साखरेच्या गोळ्या खाताय हे मला माहीत होतं, पायाला मुंग्या येतात हेही आईनं सांगितलं होतं. मला ते हळू बोलता आलं असतं. मी चार माणसांसमोर म्हणालो, "तुमचा पाय मेलाय आण्णा. त्याला काय विचारता?"

तुम्ही चप्पल हातात घेतलीत, आतून अंगठा फिरवलात. मग एकदा माझ्याकडे बघितलंत आणि मास्तरांना म्हणालात, "चुकलं माझं." त्यांना नवा जोड द्यायचा कबूल केलात, पण तो काही शिवला नाहीत. त्यानंतर कुठलाच शिवला नाहीत. दोन वर्षांनी त्याच पायाला जखम झाली, कळली नाही, आणि पुढचं सगळं मला फोनवरच कळत गेलं. मी पोचलो तेव्हा तुम्हाला स्मशानात नेऊन झालं होतं.

आता इकडचं सांगतो. माझ्या शेजारच्या मेजावर मुलतानचा एक कारागीर बसायचा. माझ्याच वयाचा, माझ्याच इतकी वर्षं इथे. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. भयंकर बडबड्या. मी दिवसभर गप्प आणि तो दिवसभर चालू, असं आमचं छान जमलेलं. गेलं वर्षभर दुपारच्या चहानंतर तो माझे झालेले बुरखे स्वतःच्या मांडीवर ओढून घ्यायचा. "तुम्हारा तुर्रा हमेशा टेढ़ा होता है भाई," म्हणायचा आणि वरचा पिसांचा तुरा नीट करत बसायचा. मला त्याचा रागच यायचा. बावीस वर्षांत माझा तुरा कधी वाकडा नव्हता. मला वाटायचं, काम चुकवायचं निमित्त शोधतोय. जुलैत त्याला ताप आला. आठ दिवस तो खोलीवर पडून होता. त्या आठ दिवसांत मी केलेला माल तसाच खोक्यात गेला.

तीन आठवड्यांपूर्वी अल ऐन गावचे एक जुने गिऱ्हाईक आले. म्हातारे अरबी गृहस्थ आहेत. दर वर्षी हंगामाआधी स्वतः गाडी चालवत येतात, आमच्याबरोबर काळा चहा पितात आणि पाखरांच्या गोष्टी सांगतात. चार हंगाम शिकवून तयार केलेली त्यांची एक मादी होती. पिसं झडून ती कशी नव्या नवरीसारखी झालीय, हे ते उन्हाळाभर फोन करून आमच्या मालकाला सांगायचे. या वेळी ते चहाला बसले नाहीत. त्यांनी मेजावर बुरखा ठेवला. म्हणाले, डॉक्टरांनी बघितलं, डोळ्यावर ओरखडा आहे, आत पांढरं पडलंय. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते तुटक्या हिंदीत एवढंच म्हणाले, "अब नहीं उड़ेगा. खलास." मग उभ्या उभ्याच मोबाइलवर तिचा जुना व्हिडिओ लावून बघत राहिले.

मालकानं तो बुरखा उचलून विचारलं, हा कुणाचा? आमच्याकडे मालावर दुकानाचा शिक्का असतो, कारागिराची खूण नसते. उस्तादानं तो त्याच्या हातून घेतला, करंगळी आत घातली आणि हळूच फिरवली. मग त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा बोलणार. तो मालकाला म्हणाला, "मेरे हाथ का है, अरबाब. बुख़ार से उठा था, ध्यान नहीं रहा."

मी तिथेच होतो, आण्णा. हातात तुमची रापी होती. एक शब्द बोलायचा होता आणि तो माझ्याच्यानं बोलवला नाही. मी मान खाली घालून कातडं सोलत राहिलो. पुढच्या आठवड्यात मालकानं त्याला सांगितलं की व्हिसा संपतोय, तो आता वाढवत नाही. जाताना मी त्याला बसपर्यंत सोडायला गेलो. वाटेत बोलायचं ठरवलं होतं, पण तोच बोलत होता, मुलीच्या लग्नाचं, मुलतानच्या आंब्यांचं. बस आल्यावर त्यानं माझी बोटं स्वतःच्या हातात धरली, जरा दाबली, आणि म्हणाला, "अब किसी और से दिखवा लिया करो भाई." तेव्हा मला कळलं की तो एवढे दिवस तुरा नीट करत नव्हता. वर्षभर माझ्या प्रत्येक बुरख्यात करंगळी घालून तो माझ्या गाठी चाचपत होता आणि टोचेल ती दाबून टाकत होता. बस गेली आणि मी तिथेच फुटपाथवर बसलो.

तपासून कुणाकडून घेऊ? शेजारचं मेज रिकामं आहे. त्याच्या वाटणीचंही काम मालकानं माझ्याकडे दिलंय आणि पाठ थोपटून म्हणाला की ह्या वर्षी सगळी भिस्त तुझ्यावर. परवा त्या म्हाताऱ्यांचा फोन आला होता. दुसरं पाखरू घेतलंय, जरा अवखळ आहे, पण जाईन म्हणतात एवढा हंगाम, इन्शाल्ला, पुढच्याचं कुणाला माहीत. त्यांनी बुरखा मागवलाय. मालकानं त्यांना सांगितलं की आता सगळा माल हिंदुस्तानी कारागिराच्याच हातचा आहे, काळजी करू नका. तो बुरखा ह्या चाळिसांतच आहे. डावीकडून सहावा, हिरव्या तुऱ्याचा.

सकाळपासून मी एकेक उचलतोय. करंगळी आत घालतो, हळूच फिरवतो, तुम्ही हौदापर्यंत जाऊन यायचा तितका वेळ थांबतो आणि खाली ठेवतो. हिरवा तर पाच वेळा उचलला. काही टोचत नाही. गाठ नसेल म्हणून टोचत नसेल, किंवा असूनही कळत नसेल, मला सांगता येत नाही. ओठांनी बघावं म्हटलं तर आत ओठ पोचत नाही. उद्या मी ते बांधून देईन. नाही म्हणायची हिंमत माझ्यात असती तर तीन आठवड्यांपूर्वीच असती.

हे सगळं नमुन्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलंय. दुसऱ्या बाजूला बुरख्याचे तीन तुकडे आखलेत, म्हणजे उद्या तो कातड्यावर ठेवून कापायचाच आहे. तुम्हाला कुठे पाठवणार होतो? पण एक राहिलंय. मास्तरांच्या त्या चपलेत मी पाय घातला आणि परत काढला, तेव्हा तुमच्या आधी मीच आत अंगठा फिरवला होता. गाठ डावीकडे वळलेली होती. ते तुम्हाला जसं कळलं, तसं मलाही तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी ते तुमच्या पायाबद्दल बोललो. तेव्हा माझी बोटं धडधाकट होती.