पंगतीतून उठलेला भाऊ

श्री
मार्गशीर्ष वद्य ५, शके १७२७
मुक्काम बुधवार पेठ, पुणे

चिरंजीव यज्ञेश्वर यास सुनीतीअक्काचे अनेक आशीर्वाद. उपरी विशेष.

बुधवारातून शनिवारात यायला मला अर्धी घटका पुरते. तरी कागद खर्ची घालते आहे, कारण तोंडी विचारले की तू उठून जातोस. फुलपुडीवाली मैना रोज दोन्ही घरी येते, तिच्याकडे हे देत आहे. तिला वाचता येत नाही आणि चौकशा करायची सवय नाही, तेव्हा तुला ती पसंत पडेल.

काल आपल्या वडिलांचे श्राद्ध होते. घर तुझे, यजमान तू. तुझ्या शेजारच्या दत्तोबाभावजींनी वाढता वाढता सहज विचारले की यज्ञेश्वरपंत हल्ली कोणत्या कामावर आहेत. यात त्यांनी काय वाईट विचारले? अमक्या दफ्तरात लिहिणे करतो म्हटले असतेस तर संपले असते. तू पान सोडून उठलास. यजमान उठल्यावर पंगत बसते कशी? सगळे हात धुवायला गेले आणि लाडू परातीत तसेच राहिले. तुझी बायको मंदाकिनी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून बसली होती. चार वर्षे झाली, आपला नवरा काय करतो हे तिलाही माहीत नाही आणि तिने आता विचारणेही सोडले आहे. वडिलांनी तुझ्या शेजारी बसवून मलाही धुळाक्षरे गिरवू दिली, ती अशी पत्रे लिहायला लागतील हे त्यांना ठाऊक नसेल.

पुढे मी तुला एकटे गाठून आमच्या स्वारीबद्दल विचारले. वऱ्हाडात सरदारांच्या छावणीत जाऊन अकरा महिने झाले, एक ओळ नाही. छावणीत जरीमरी पसरल्याची बोलवा आहे. तू सरकारात आहेस, कुठल्या कोपऱ्यात ते देव जाणे, पण कुणाला तरी विचार म्हटले. त्यावर तू म्हणालास, यंदा थंडी लवकर पडली.

परवा शेजारी सवाष्णी जेवायला घातल्या. मला बोलावणे नव्हते. कुणी काही बोलत नाही, फक्त बोलावत नाहीत. सासूबाई माझ्या कपाळाकडे पाहून नजर वळवतात. हे सारे वाचूनही थंडीबद्दलच लिहायचे असेल तर लिहू नकोस.

माझा लोभ आहे तसाच आहे, फक्त तो सध्या कढत आहे हे ध्यानात ठेवावे.

सुनीती

*

श्री
मार्गशीर्ष वद्य ७
मुक्काम शनिवार पेठ, पुणे

तीर्थस्वरूप सौभाग्यवती अक्का यांच्या चरणी यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार. येथील क्षेम जाणून आपले कुशल कळवीत जावे.

आपले पत्र पावले. पंगतीचे चुकले, कबूल आहे. दत्तोबांची क्षमा मागून आलो, लाडूही पोचते केले. पण अक्का, माणसे भेटली की पहिला प्रश्न हाच का असतो, हे मला कुणी सांगावे. प्रकृती विचारा, मुलांचे विचारा, आंब्याला मोहोर आला का विचारा. हा काय करतो हे कळल्यावाचून कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. मी लिहिणे करतो. यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही आणि यापुढे आपणही विचारू नये, ही हात जोडून विनंती.

दुसरी गोष्ट. सवाष्णींच्या पंगतीचे वाचून मला रात्रभर राग आवरला नाही. त्या घरच्यांना सांगावेसे वाटले की तुमची अक्कल चुलीत घाला. अक्का, तुम्ही कुंकू ठसठशीत लावावे, बांगड्या भराव्या. अनंतराव सुखरूप आहेत असे माझे मन सांगते. निघताना त्यांच्या अंगरख्याच्या अस्तरात जोगेश्वरीच्या अंगाऱ्याची पुडी शिवून दिली आहे, ती त्यांना राखते आहे. बोलवांवर विश्वास ठेवू नये.

लेकरावर राग धरा, पण पायांपासून लांब करू नका, हे मागणे.

यज्ञेश्वर

*

श्री
मार्गशीर्ष वद्य ८
मुक्काम बुधवार पेठ

यज्ञेश्वर,

आज आशीर्वाद नाही. आधी उत्तर, मग आशीर्वाद.

ती पुडी मी दाराला आतून कडी लावून शिवली. सासूबाईंना ठाऊक नाही, मंदाकिनीला नाही, तुला तर नाहीच. स्वारीलाही मी सांगितले नव्हते, कारण असल्या गोष्टींना तिकडून हसतात. अस्तर उसवले तरच ती सापडायची. म्हणजे अस्तर उसवले, पुडी सापडली, आणि तिकडून ते कुणाला तरी लिहिले. ते कुणाला लिहितील? मलाच लिहितील.

मला ते पत्र मिळालेले नाही आणि तुला त्यातला मजकूर ठाऊक आहे. तुझे मन म्हणे सांगते. तुझ्या मनाला अस्तरे उसवता येतात हे मला नवीन आहे.

माझे पत्र कुठे आहे?

मैनेला परत पाठवलीस किंवा घरी नाही असे सांगवलेस तर मी स्वतः येईन आणि तुझ्या ओट्यावर उभी राहून सबंध शनिवार पेठेला ऐकू जाईल असे विचारीन. माझा आवाज तुला माहीत आहे.

सुनीती

*

श्री
मार्गशीर्ष वद्य १३
मुक्काम शनिवार पेठ

तीर्थस्वरूप अक्का यांस यज्ञेश्वराचा नमस्कार. चरणांवर डोके ठेवायचा हक्क उरला आहे की नाही, ते हे वाचून ठरवावे.

पाच दिवस लिहून फाडतो आहे. हे वाचून चुलीत घालावे, नाहीतर माझ्या पायात बिड्या पडून मी एखाद्या गडावर जाईन.

पुण्यात बाहेरून येणारे आणि पुण्यातून जाणारे लाखोटे आधी एका खोलीत येतात. ती कुठे आहे ते लिहीत नाही. तिथे आम्ही चौघे बसतो. पातळ पाते दिव्यावर तापवून लाखेखाली सरकवायचे, पत्र काढायचे, नक्कल करायची, घडी होती तशी घालून लाख पुन्हा बसवायची. नक्कल वर जाते. पत्र पुढे जाते, किंवा जात नाही. कामावर रुजू होताना बेलभंडार उचलायला लावला की हे काम आईला, बायकोला, गुरूला, कुणालाही सांगणार नाही. चार वर्षे ती शपथ पाळली. आज तुमच्यापुढे मोडली.

आता पंगतीचे ऐका. त्या दिवशी नऊ माणसे बसली होती. त्यांतल्या चौघांची पत्रे मी वाचली आहेत. दत्तोबा मला काम विचारत होते, आणि त्यांनी भावाशी वाटणीबद्दल काय लिहिले ते मला तोंडपाठ होते. मी त्यांना काय सांगायचे होते? तुमचे वाचतो, असे? खोटे एखादे दफ्तर सांगता आले असते, पण मग त्या दफ्तरातला कुणीतरी ओळखीचा निघतो आणि दुसरे खोटे लागते. म्हणून उठतो. मला काय चारचौघांत बसून पोटभर गप्पा माराव्याशा वाटत नाहीत? कुणी हसून दोन शब्द बोलला की मला त्याचे अक्षर आठवते, अक्का. मंदाकिनीच्या भावाचीही पत्रे मी वाचतो. तिच्याकडे पाहून जेवता येत नाही.

अनंतरावांच्या सरदारांवर वरून मर्जी खप्पा झाली आहे. छावणीतून येणारे कुणाचेही पत्र सोडू नये असा हुकूम आहे. अनंतरावांची पाच पत्रे आली, पाचही तुमच्या नावची. पहिले माझ्याच पुढ्यात पडले. अक्षर ओळखले आणि पाते हातात तसेच राहिले. मी घेतले नसते तर शेजारच्याने उघडले असते. परक्याने तुमचे पत्र वाचू नये म्हणून मी वाचले, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती खरी की सोयीची, ते आता मलाही सांगता येत नाही.

अंगाऱ्याचे दुसऱ्या पत्रात होते. तुमचे रडवेले पत्र वाचून हातून उतरून गेले. माझे काम नकलांचे, मनातले लिहायची सवय मोडली आहे.

शिव्या द्याल त्या थोड्याच आहेत.

यज्ञेश्वर

*

श्री
पौष शुद्ध २
बुधवार पेठ

यज्ञेश्वर,

तुझे पत्र जाळले. शपथ मोडलीस म्हणून तुझी मान कापली जावी इतकी मी वाईट नाही, पण त्याच्या फार अलीकडेही उभी नाही.

यंदा भाऊबीजेला मी तुला ओवाळले. तेव्हा पाचांतली किती पत्रे त्या खोलीत होती? दोन? तीन? तू ताटात लुगडे घातलेस, दोनदा बासुंदी मागून घेतलीस, आणि मी विचारले की वऱ्हाडाकडची काही खबर आहे का, तर म्हणालास की बासुंदीत वेलदोडा छान उतरला आहे. दत्तोबांच्या प्रश्नाला उठलास. माझ्या प्रश्नाला उठायचीही लाज वाटली नाही, बसून जेवलास.

शपथेचे मला सांगू नकोस. बेलभंडार उचलताना तुझ्या हातावर माझी राखी नव्हती काय? परक्याने वाचू नये म्हणून आपण वाचले म्हणतोस. परक्याने वाचले असते तर मला दुःख झाले असते. तू वाचून माझ्यापुढे जेवलास, याला काय म्हणतात ते मला सुचत नाही.

संक्रांतीच्या आत माझी पत्रे माझ्या घरी आली पाहिजेत. कशी, ते तू जाण.

सुनीती

*

श्री
पौष शुद्ध ९
शनिवार पेठ

तीर्थस्वरूप अक्का यांस नमस्कार.

मूळ पत्रे बाहेर काढता येत नाहीत. निघताना आमची कंबर, पागोटे, जोडे, सगळे झाडून घेतात. पण एकेका पत्राच्या दोन नकला काढाव्या लागतात, आणि दुसरी काढताना मला मूळ पाहावे लागत नाही. पाचही पत्रे घरी बसून आठवून लिहिली. सोबत मैनेकडे फुलांखाली ठेवून पाठवतो. शब्द त्यांचे आहेत, शाई माझी आहे. जिथे त्यांनी खोडले तिथे मीही खोडले आहे.

चौथ्या पत्रात जरीमरीचे आहे. ते वाचताना घाबरू नये, पाचवे त्याच्या नंतरचे आहे.

तिसऱ्यातल्या शेवटच्या चार ओळी गाळणार होतो. दोनदा तसे लिहून पाहिले. त्यांत लिहिले आहे की माझी पत्रे वाटेत अडत असतील तर यज्ञेश्वराला सांग, तो सरकारात आहे, आपला माणूस आहे, तो पोचवील. त्या ओळी मी खोलीत दोन वेळा उतरवल्या, आणि आता तुमच्यासाठी तिसऱ्यांदा. आपण मला लिहिलेत त्यातले काहीही याहून जड नव्हते.

छावणीकडे जाणारी पत्रे अडवण्याचा हुकूम नाही, फक्त वाचण्याचा आहे. उत्तर लिहाल तर ते त्याच दिवशी थैलीत जाईल, हे मी पाहीन. आणखी एक, आणि हे लिहिताना मला लाज वाटते. अनंतराव सुखरूप असल्याचे कुणाला, सासूबाईंनाही, सांगू नये. कसे कळले म्हणून पहिला प्रश्न येईल.

काय मागावे ते कळत नाही, म्हणून काही मागत नाही.

यज्ञेश्वर

*

श्री
पौष वद्य ११
मुक्काम बुधवार पेठ, पुणे

चिरंजीव यज्ञेश्वर यास सुनीतीअक्काचा आशीर्वाद. तू पत्रे दिलीस म्हणून आशीर्वाद दिला आहे, राग गेला म्हणून नव्हे.

पाचही वाचली. रोज वाचून पाठ केली आणि काल चुलीत घातली. अक्षर तुझे होते म्हणून जाळता आली.

स्वारीला उत्तर सोबत आहे. त्याला लाख लावलेली नाही, तुझे तेवढे श्रम वाचावेत. वाचशील तेव्हा सावकाश वाच. तुझ्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. यज्ञेश्वराला सांगितले का म्हणून तिकडून विचारतील, तेव्हा काय लिहावे ते मला अजून सुचलेले नाही.

सासूबाई रोज पहाटे देवापुढे लेकाचे नाव घेऊन रडतात. तो जिवंत आहे, दोन वेळ जेवतो आहे, गुडघ्याला तेल लावतो आहे, हे सगळे मला ठाऊक आहे आणि मी परसात जाऊन तुळशीला पाणी घालते. त्यांनी एकदा विचारले की सूनबाई, हल्ली तुझ्या डोळ्याला पाणी कसे येत नाही. मी म्हटले, यंदा थंडी लवकर पडली. तोंडातून निघून गेल्यावर मला कळले की हे कुणाचे बोलणे आहे, आणि मला तुझा इतका संताप आला की कळशी हातून पडली.

आता शेवटचे. संक्रांतीचे हळदीकुंकू कुसुमवहिनींकडे होते. यंदा मला बोलावणे आले, कारण मी कुंकू चांगले रुपयाएवढे लावून त्यांच्या दारावरून दोनदा गेले. दहा-बारा बायका होत्या. वाणे लुटून झाली, तिळगूळ झाला, आणि कुसुमवहिनी कौतुकाने म्हणाल्या की तुमचे बंधू सरकारात आहेत ना, काय काम असते हो त्यांना. सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. त्यांतल्या कुणाकुणाचे तू वाचले असशील, हे माझ्या मनात आले. तिळगूळ तोंडातच होता.

मी उठले. ओटी तशीच टाकून घरी आले.

लोभाची ओळ या वेळी तूच आपल्या हाताने लिहून घे. नकला करायची तुला सवय आहे.

सुनीती